ताई काय म्हणते?

“ताई काय म्हणते?” गिऱ्हाईक बाईंनी विचारलं.

शिंप्याच्या थोरल्या बहिणीने काजं करता करता गाल फुगवले आणि दोन्ही हात पोटापासून लांब नेले.

“म्हणते, हा रंग तुम्हाला खुलून दिसेल,” शिंपी म्हणाला आणि त्याने कमरेला गुपचूप दोन इंच वाढवले.

ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती बोलत नाही असं लोक म्हणत. शिंप्याच्या मते ती थांबतच नव्हती. तिच्या खाणाखुणा लहानपणी दोघांनी मिळून घडवलेल्या. नाक चिमटीत धरलं की घरमालक, कान ओढला की मास्तर. आईवडील गेल्यावर ही भाषा जाणणारा जगात एकच माणूस उरला, आणि त्याला त्याचा भलताच तोरा होता. “माझ्यावाचून ताईचं पान हलत नाही,” असं तो येईल त्याला ऐकवी.

मग शाळेच्या भिंतीवर मोठा पडदा लागला आणि गल्लीला इंटरनेटची लागण झाली. “मुलांच्या अभ्यासासाठी हो,” म्हणत घरोघरी वायरी शिरल्या. शेजारचे आजोबा तर कुस्तीचा अभ्यास तहानभूक विसरून करू लागले. शिंपी तेवढा बधला नाही.

“बाबा, घरी नेट पाहिजे,” एक दिवस मुलगी म्हणाली.

“शाळेत आहे ना? शाळेत घंटाही आहे. तीपण आणून टांगू?”

“मला नको, आत्याला हवंय. मी बाईंना सांगितलं, माझी आत्या हातांनी बोलते. तर त्यांनी पडद्यावर दाखवलं. बाबा, तशी खूप माणसं आहेत!”

“आपल्या ताईसारखी? काहीतरीच!”

तरी आठवड्यात वायर आली. मुलीने फोन कापडाच्या ठाणाला टेकवून ठेवला. पडद्यावर एक सभागृह होतं. शेकडो माणसं हातांनी बोलत होती, भांडत होती, एकमेकांचं बोलणं मधेच तोडत होती. एका म्हाताऱ्याने बोटांनी काहीतरी विनोद केला आणि अख्खं सभागृह हसून लोळलं.

ताईची सुई थांबली. तिने पडद्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे. मग दहाही बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“काय म्हणते आत्या?”

“म्हणते... इतकी?” शिंपी म्हणाला. पन्नास वर्षं त्याची समजूत होती, की देवाने असा नग एकच घडवला आणि दुभाष्याही एकच नेमला.

ती भाषा ताईला आधी ओ की ठो कळेना. मुलगी बाईंकडून धडे आणायची आणि दुपारभर आत्या-भाची समोरासमोर बसून हात चालवायच्या. “मला काय शिकवता?” म्हणत शिंपी मशीनवरून हलला नाही. वर्षभरात घरच्या जुन्या खुणा मागे पडल्या आणि ताईचे नाक-कान मोकळे झाले.

एका दुपारी फोनवर परगावची एक बाई होती, तीही काजं करणारी. ताईचे हात इतके भरभर चाललेले त्याने कधी पाहिले नव्हते. मधेच तिने त्याच्याकडे मान उडवली आणि दोघी खदखदून हसल्या.

“काय म्हणते गं?” त्याने मुलीला विचारलं.

“मलापण सगळं नाही कळत बाबा. फार पटपट बोलतात त्या.”

मग त्याने ताईलाच हाताने विचारलं. तिने वळूनही न पाहता तळवा दाखवला: थांब, बोलतेय.

मशीनची खडखड ताईला जन्मात ऐकू आली नव्हती. तरी शिंप्याने पायडलवरचे पाय अलगद उचलले, फिरतं चाक तळहाताने थोपवलं, आणि त्यांचं बोलणं आटपेपर्यंत तो तसाच बसून राहिला.