जनाबाईच्या कानाची गाठ

हरभरा उपटताना पदराची कड कानाला घासली आणि जनाबाई मटकन ढेकळात बसली. उजव्या कानाच्या वरच्या काठावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली होती. वर खपली, आत ठसठस. त्या कुशीवर निजलं की कळ थेट डोक्यात जायची. पण डावा खांदा मागच्या साली माळ्यावरून पडून मोडलेला, म्हणून निजायचं त्याच कुशीवर.

तिचा दीर जयसिंगराव हा पूर्वी होळकरांच्या घोड्यांच्या पागेत होता. संस्थान जाऊन मध्यभारत झालं, तेव्हापासून सिमरोलला घरी बसलेला. महारोग्यांचे कान त्यानं फौजेत पाहिले होते म्हणे. थोरल्या भावाला, तुकोजीला, बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, घरात पहिलटकरीण हाय. वहिनीला भाईर ठेव."

संध्याकाळी तुकोजीनंच बायकोची बाज गोठ्यात नेऊन टाकली.

पहिलटकरीण म्हणजे जनाबाईचीच शांता, महूहून बाळंतपणाला आलेली. चार दिवसांनी तिला कळा लागल्या. मधे नुसती मातीची भिंत. पलीकडे लेक 'आई, आई' करत होती आणि अलीकडे आई म्हशीचं दावं धरून उभी होती. बाळाच्या रडण्यावरून तिला कळलं, की लेक सुटली.

पंधरा दिवसांनी तुकोजीनं गाडी जुंपली आणि जनाबाईला इंदूरला, तुकोगंजातल्या डॉक्टरकडे नेलं. कुठं बधिर आहे का, म्हणून डॉक्टरनं हातापायांना टाचणी टोचून पाहिली. दर टोचणीला ती 'हां' म्हणाली. मग त्यानं गाठ दाबली, तशी ती कळवळून उठली.

"दुखतंय ना, बाई? महारोगाची गाठ अशी दुखत नाही. एकाच कुशीवर निजून कान चेपलाय."

त्यानं गाठ कापून टाके घातले, महारोग नसल्याची चिठ्ठीही लिहून दिली. जयसिंगरावानं ओसरीवर ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "डॉक्टर लोग काय, लिहून देतात जी." तुकोजीनं मात्र गोठ्यातली बाज उचलून घरात आणली.

जनाबाई हात धुऊन लेकीकडे गेली आणि बाळासाठी ओंजळ पुढं केली. शांतानं बाळ छातीशी आवळलं.

"आई, राग नको मानू. सासूबाईंच्या कानावर गेलं, तर मला परत न्यायच्या नाहीत."

जनाबाईनं हात मागे घेतले. उंबऱ्यापाशी टेकली. तिथून बाळाचे तळवे तेवढे दिसत होते. ते कुणासारखे आहेत, हे ती बघत बसली.