मंद भट्टी

काका जाऊन तीन महिने झाले, तरी मंद भट्टी त्यांचंच ऐकत होती.

भट्टीची कल्पनाही त्यांचीच. प्रकाश वाहून नेण्यासाठी वितळलेल्या काचेचा केसाएवढा तंतू मनोऱ्यावरून खाली ओढतात. तो घाईने गार झाला, की आतले कण चेंगरल्यासारखे वेडेवाकडे थिजतात आणि आत सोडलेला प्रकाश जागोजाग विखुरतो. म्हणून वाटेत ही दुसरी, बेताने तापलेली भट्टी. "कणांना बूड टेकायला वेळ द्या," काका म्हणायचे. त्या कारखान्यात माणसांनाही तेवढा वेळ मिळत नसे.

काकांच्या जागी आता त्यांची पुतणी होती. साहेबांनी तिला बजावलं होतं: मंगळवारपर्यंत विखुरणं कमी झालं नाही, तर भट्टी भंगारात.

शुक्रवारी ते कमी झालं. इतकं, की मोजणाऱ्याने यंत्र बदलून पुन्हा मोजलं. पुतणीने नोंदी काढल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. तिने तापमान एकाच आकड्यावर ठेवलं होतं. नोंदीत ते थोडंथोडं उतरत गेलं होतं, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं, मध्ये एकदा दम खायला थांबून. सोमवारी तिने तेच आकडे लावून दोनदा पाहिलं. जमलं नाही.

मंगळवारी सकाळीच साहेब मोजणाऱ्याला घेऊन हजर.

"पुन्हा करून दाखवा."

"मी केलंच नाही, साहेब. काकांनी केलं."

साहेबांनी चष्मा पुसला. "त्यांचं नाव हजेरीपटावरून काढलंय ना?"

"काढलंय. त्यांना कळवायचं राहिलं असेल."

"मग बोलवा त्यांना," साहेब म्हणाले. आकडा हवा असला, की ते कुणाशीही जुळवून घेत.

"इथेच असतील. पण कुणी बघत असलं की त्यांचा हात चालत नाही. जिवंतपणीही चालत नसे. आपण भिंतीकडे तोंड करू या."

तिघंही वळली. भिंतीवर सुरक्षेचे नियम टांगले होते; ते कुणीतरी पहिल्यांदाच वाचत होतं. मोजणारा सातव्या नियमापर्यंत पोचला, तेवढ्यात मागे भट्टीची घरघर किंचित उतरली. मग आणखी किंचित. मग थांबली, दम खाल्ल्यासारखी.

"वळू नका," पुतणी पुटपुटली.

"कोण वळतंय? भट्टी राहील," साहेब भिंतीला म्हणाले. "कागदावर देतो. फक्त त्यांना माझ्या खांद्यावरचा हात काढायला सांगा."

मोजणारा हळूच दोन पावलं बाजूला सरकला.