न नासणारी बाटली

दूध संकलन केंद्रावर तिला सगळे नळीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, उजेडाकडे धरायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्यात काय काय मिसळलंय ते सांगायचं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. एकदाच तिने विश्वास टाकला होता. ओळखीतल्या एका म्हाताऱ्याला ती म्हणाली होती, "तुमचं काय तपासायचं, काका? ओता." त्या कॅनमध्ये धुण्याची पावडर निघाली आणि अख्खा टँकर ओतून द्यावा लागला. तेव्हापासून सख्ख्या भावाने दूध आणलं असतं तरी तिने आधी नळी भरली असती.

ही सवय केंद्राच्या दारात काढून ठेवता येत नव्हती. घरी आली की ती भाजी हुंगायची, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायची, नवऱ्याने "सहज उशीर झाला" म्हटलं की 'सहज' या शब्दापाशी थबकायची. नवरा हसून सोडून द्यायचा. सासूबाई म्हणायच्या, "संशयाला औषध नसतं, बाई."

घरात दोन मुलं तिची, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ घरात आली. धाकटीला अजून मूलबाळ नव्हतं. बोलायला कमी, कामाला उरक, आणि मुलांवर जीव. इतका, की अंघोळीची वेळ झाली की दोन्ही पोरं "काकू, काकू" करत तिच्यामागे पळायची. नळीबाईला ते बरं वाटायचं. आणि कुठेतरी बोचायचंही.

हिवाळ्यात मुलांच्या अंगाची कातडी फुटायला लागली. दुकानातला बाथ जेल डोळ्यात गेला की धाकटा रडून घर डोक्यावर घ्यायचा. एका रविवारी धाकटीनेच जेल करायला घेतला. बिनवासाचा पांढरा साबण किसणीवर किसून तिने गरम पाण्यात विरघळवला. जवस उकळून त्याचा चिकट रस पातळ कापडातून गाळला, दोन्ही एकत्र घोटले, वरून थोडं ग्लिसरीन घातलं. तयार झालेला घट्ट, दुधाळ जेल तिने एका झाकणाच्या बाटलीत भरला आणि वर कागद चिकटवून त्यावर तारीख लिहिली.

जेवताना कौतुक चाललं होतं. नळीबाई सहज म्हणाली, "घरचं आहे, चार दिवसांत नासेल. धाकटीची बाकीची खुळंही तेवढीच टिकतात." सगळे हसले. दीरही हसला. धाकटी वाढत होती, ती वाढतच राहिली.

पण बाटली नासली नाही.

चार दिवस झाले, आठ झाले. नळीबाईने आधी लक्ष दिलं नाही. पंधराव्या दिवशी मुलाला पुसताना तिने झाकण उघडून हुंगलं. ताजा वास. कागदावरची तारीख तीच, पहिल्या रविवारची. बाविसाव्या दिवशी तिने थोडा जेल तळहातावर घेऊन उजेडात धरला. ना बुरशी, ना आंबूस वास, ना पाणी सुटलेलं. आता मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. ज्यात पाणी आहे, ज्यात जवसाचा रस आहे, ते दमट न्हाणीघरात बावीस दिवस टिकत नाही. टिकलंच, तर त्यात कुणीतरी काहीतरी घातलेलं असतं. अकरा वर्षं ती हेच बघत आली होती.

आणि मग तिला ते आठवलं.

दोन महिन्यांपूर्वी ती स्वतः डबा घरी विसरली म्हणून तो द्यायला धाकटी केंद्रावर आली होती. कपाटातल्या नमुन्याच्या बाटल्या बघत तिने विचारलं होतं, "ताई, हे दूध इतके दिवस ठेवता, मग नासत नाही?"

"दोन थेंब फॉर्मालिन टाकतो," नळीबाई म्हणाली होती. "मग वर्षभर ठेव, काही होत नाही."

"एवढ्याशा दोन थेंबांनी?"

"एवढ्याशा दोन थेंबांनी."

आपणच सांगितलं. ती न्हाणीघरात ओला टॉवेल हातात घेऊन उभी राहिली. फॉर्मालिन म्हणजे मेलेली जनावरं टिकवायचं औषध. ते आपल्या पोरांच्या अंगाला, पापण्यांना, ओठांना लागतंय की काय, या विचाराने तिने बाटलीचं झाकण घट्ट पिळलं.

लगेच आरडाओरडा करणारी ती नव्हती. पुरावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना तिने बाटलीवर जेलच्या पातळीशी नखाने बारीक रेघ ओढली. मुलांना त्या दिवशी तिने स्वतःच नुसत्या पाण्याने अंघोळ घातली होती, म्हणजे पातळी हलायला नको. संध्याकाळी येऊन बघते तर जेल रेघेच्या दोन बोटं वर.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

धाकटी ओट्याशी भांडी पुसत होती. नळीबाईने आवाज साधा ठेवला. "अगं, तो जेल अजून पहिलाच चाललाय का?"

धाकटीचा हात क्षणभर थांबला. "हो ताई. तोच."

"तेविसावा दिवस आज."

"टिकलाय खरा," धाकटी म्हणाली आणि पाठ फिरवून ताटं मांडणीवर लावायला लागली.

केंद्रावर माणसं खोटं बोलताना अशीच वळतात, कॅनचं झाकण पुसायला किंवा दोरी सोडवायला. नळीबाईला आणखी काही बघायची गरज नव्हती. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी बाजारात गेल्यावर तिने स्वयंपाकघरातली वरची फळी धुंडाळली. रव्याच्या डब्यामागे एक छोटी तपकिरी बाटली होती. थेंब टाकायची रबरी टोपी, आणि नाव-गाव काहीच नाही. तिने ती पर्समध्ये टाकली. दुसऱ्या एका स्वच्छ बाटलीत न्हाणीघरातला जेल भरून घेतला. मुलांना दटावलं, "आजही नुसत्या पाण्याने. काकूने लावला तर मला सांगायचं." मुलगी बघतच राहिली. "काकूने काय केलं?" तिने विचारलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "काय शोधत होतीस गं फळीवर?"

"लवंग," नळीबाई म्हणाली. आता ती स्वतःही वळली होती, पर्सची चेन लावायला.

केंद्रावर सकाळची गर्दी ओसरल्यावर तिने खोलीचं दार लोटून घेतलं. चांगल्या दुधात चमचाभर जेल मिसळला, नळीत घेतला आणि नळी तिरकी धरून कडेकडेने आम्ल सोडलं. फॉर्मालिन असेल तर दूध आणि आम्ल भेटतात तिथे जांभळी कडी उमटते. तिने नळी उजेडात धरली.

कडी उमटली नाही.

तिने पाच मिनिटं वाट बघितली. साबणामुळे चाचणी फसत असेल, असं मनाला सांगून तिने दुसऱ्या नळीतल्या दूध-जेलमध्ये मुद्दाम फॉर्मालिनचा एक थेंब घातला आणि पुन्हा आम्ल सोडलं. झळझळीत जांभळी कडी उभी राहिली. म्हणजे चाचणी बरोबर होती. तिने पहिली चाचणी पुन्हा केली. काही नाही. मग तपकिरी बाटलीतला थेंब बोटांवर घेतला. घट्ट, सुळसुळीत, बिनवासाचं. ग्लिसरीन. कुठल्याही औषधवाल्याकडे मिळतं ते.

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. मग तोच प्रश्न पुन्हा पुढे आला: मग नासत का नाही? आणि धाकटी खोटं का बोलली?

दुपारी वीज गेली, यंत्रं बंद पडली आणि तिला लवकर सुटता आलं. घरी आली तेव्हा सासूबाई झोपल्या होत्या, मुलं अंगणात होती. स्वयंपाकघरातून वाफेचा ओला वास येत होता. ती चपला न वाजवता दारापर्यंत गेली.

शेगडीवर जवस उकळत होते. धाकटी कापडाचं गाठोडं दोन्ही हातांनी पिळत होती. रस गरम असावा, कारण ती मधेच हात झटकायची, फुंकर घालायची आणि पुन्हा पिळायची. बोटं लालभडक झाली होती. बाजूला किसलेल्या साबणाची परात. जमिनीवर बादली, आणि तिच्यात बाटलीतला जुना जेल ओतलेला. ओट्यावर रिकामी, धुतलेली बाटली उपडी घातली होती. कागद ओला होऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिक गुंडाळलं होतं.

"किती दिवसांनी करतेस हे?" नळीबाईने विचारलं.

धाकटी दचकली. गाठोडं पातेल्यात पडलं. "ताई! तुम्ही आत्ता कशा?"

"किती दिवसांनी?"

"दर तिसऱ्या दिवशी. काल तुम्ही विचारलंत, म्हणून आज लगेच पुन्हा." ती खाली बघत म्हणाली. "जुन्याने फरशी पुसते. वाया नाही घालवत."

"मग तारीख का नाही बदलत? काल मी विचारलं, तर तोच आहे म्हणालीस."

धाकटीने गाठोडं पातेल्यातून उचललं. मग एकदम म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना, चार दिवसांत नासेल म्हणून. माझी खुळं तेवढीच टिकतात म्हणून. सगळे हसले होते. हे पण हसले." तिने ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. "म्हटलं, टिकवून दाखवायचं. या घरात माझं एक तरी काहीतरी टिकतं, असं दिसू दे."

नळीबाईने खुर्चीवर पर्स ठेवली आणि तपकिरी बाटली काढून ओट्यावर ठेवली. लपवून ठेवणं आता तिला जमलं नसतं.

धाकटीने बाटलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ही मी सकाळपासून शोधतेय." आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत, "तुम्ही नेली होतीत. तपासायला?"

"हो."

"जेलसुद्धा?"

"हो."

"काय निघालं?"

"काहीच नाही."

"काय निघेल असं वाटलं होतं?"

नळीबाईने सांगितलं. फॉर्मालिनचं नाव ऐकताच धाकटी खाली बसली, बादलीशेजारीच. रडली नाही. नुसती म्हणाली, "मी? पोरांना?"

"तू खोटं बोललीस. मला दुसरं काय सुचणार?"

"खोटं बोलले, खरं आहे. पण माझ्याबद्दल इतकं सुचलं तुम्हाला." तिने शेगडी बंद केली. पातेलं तसंच सोडून ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

नंतरचे पाच दिवस घरात जेल झाला नाही. धाकटी कामं करत होती, मुलांना घास भरवत होती, पण न्हाणीघराकडे फिरकत नव्हती. नळीबाईने एकदा स्वतः जेल करून बघितला. जवस जास्त उकळले, रसाच्या तारा सुटल्या, साबणाच्या गुठळ्या राहिल्या. धाकटा म्हणाला, "शी, शेंबूड!" आणि ओल्या अंगाने पळून गेला. सासूबाईंना सगळ्याचा अंदाज आला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "हसलो आपण सगळ्यांसमोर. निस्तरायचं मात्र बंद दाराआड?"

सहाव्या दिवशी, सगळे जेवायला बसलेले असताना, नळीबाईने घास खाली ठेवला.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगितलं: नखाची रेघ, फळीवर शोधाशोध, पर्समधली बाटली, जांभळी कडी. काय वाटलं होतं तेही सांगितलं, न गाळता. "त्यात काही नव्हतं. ती दर तिसऱ्या दिवशी हात भाजून नवीन करत होती, कारण मी तिची थट्टा केली होती. चूक माझी."

दीर ताटाकडे बघत राहिला. "मीही हसलो होतो," तो म्हणाला, बायकोकडे न बघता. नवऱ्याने काहीतरी हलकं बोलायला तोंड उघडलं, पण आईची नजर बघून मिटलं.

धाकटी उठली. पाण्याचा तांब्या घेऊन सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतत आली. नळीबाईपाशी थांबली. "जवस किती वेळ उकळले होते तुम्ही?"

"वीसेक मिनिटं."

"सातच लागतात. रस चमच्यावरून घरंगळायला लागला की उतरवायचं." तिने पेला भरला. "रविवारी दाखवते. पण साबण तुम्ही किसायचा. माझी बोटं सोलवटलीत."

"किसते," नळीबाई म्हणाली.

रविवारी ती किसायला बसली. धाकटी शेजारी उभी राहून बघत होती आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "बारीक, ताई, अजून बारीक." मुलगी कागदावर रंगीत खडूने तारीख लिहीत होती. तीन वेळा चुकली, तीन वेळा खोडली. तिसऱ्या खेपेला तिने वर बघून विचारलं, "हा नासला की मग पुन्हा करायचा ना?"

"हो," दोघी एकदम म्हणाल्या.