मुरुमच्या शाळेची रंगीत तालीम

नीला मॅडमनी विचारलं, "शनिवारी शाळेत थोडी मदत कराल का?" आणि बब्रुवान "करतो की" म्हणून मोकळा झाला. त्याला वाटलं, मांडव घालायचा असेल. मांडव घालण्यात वाडीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मॅडम म्हणाल्या, "छान! मग तुम्ही गणिताचे सर," आणि गड्याच्या घशात चहाच अडकला.

भानगड अशी होती. वाडीची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला सहा किलोमीटरवर मुरुमला जायचं, एसटीनं. इथं चौथीत अकरा पोरं आणि सगळ्या विषयांना एकट्या नीला मॅडम. त्याच गणित शिकवणार, त्याच शेंबूड पुसणार, त्याच मारामाऱ्या सोडवणार. तिथं एका वर्गात साठ पोरं, दर तासाला नवा मास्तर, आणि ओळखीचं कुणी म्हणून कुणी नाही. दरसाल जूनमध्ये वाडीची दोन-तीन पोरं बिचकून माघारी यायची आणि त्यांची समजूत काढता काढता दिवाळी उजाडायची. मॅडम तुळजापूरच्या, घरात तीन पिढ्यांची मास्तरकी. त्यांनी ठरवलं, एप्रिलातल्या एका शनिवारी मुरुमची शाळा वाडीतच भरवायची. पोरं झाली पाचवीची आणि आईबाप झाले सर अन् मॅडम. "पोरांइतकीच तुमचीही तयारी होईल," असंही त्या म्हणाल्या, पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

आता बब्रुवानाचं शिक्षण म्हणजे चौथी पास आणि पाचवीचा एक दिवस. त्या एका दिवसाचं खरं त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाला ठाऊक होतं ते वेगळंच. बा अंथरुणाला खिळला, रान बघायला कुणी नव्हतं, म्हणून एवढ्या हुशार पोरानं दप्तर खुंटीला टांगलं! पोरगी बघायला गेला तेव्हा ही हकिकत त्यानं तुळजाबाईला सांगितली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एका सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं सांगितली, तर सरपंचांनी रुमाल काढला. बाचा आजार दरसाल थोडा थोडा वाढत गेला होता.

खरं म्हणाल तर बा ठणठणीत होता. पहिल्या दिवशी मुरुमला पहिला तास संपला, घंटा झाली आणि मास्तर वर्गातून निघून गेले. गुरुजी निघून गेले म्हणजे शाळा सुटली, एवढंच वाडीच्या पोराला माहीत. बब्रुवानानं दप्तर उचललं आणि सहा किलोमीटर तुडवत घर गाठलं. दुसऱ्या दिवशी फाटकातच पोरं ओरडली, "आली, आली! सुट्टी आली!" तो तिथूनच मागं फिरला आणि आठ दिवस पोट धरून निजला. बानं शेवटी नाद सोडला. त्या साली वाडीतून मुरुमला जाणारा तो एकटाच होता, म्हणून गावात बोभाटा झाला नाही, एवढंच.

म्हणून तर आपली पोरगी पाचवीला निघाली तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर होता. सोनाली वर्गात पहिली. तिनं मुरुमला जावं, तिथंच टिकावं, दहावी करावी, त्याहून पुढं जावं, एवढी एकच इच्छा त्यानं धरली होती. दप्तर आणलं, डबा आणला, एसटीच्या पासाची चौकशी करून आला. फक्त घंटेचं तेवढं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती विचारणार, "पप्पा, तुमाला कसं ठावं?" पोरगी भारी चौकस!

शनिवार उजाडला. बब्रुवानानं लग्नातला शर्ट इस्त्री करून घातला, तो पोटावर बसेना. तुळजाबाईला विज्ञान दिलं होतं आणि किराणा दुकानवाल्या शांतम्माला इंग्रजी, कारण पुड्यांवरचं इंग्रजी वाचणारी गावात ती एकटीच. "एक्सपायरी कळालं की सगळं इंग्लिश कळतंय," असं तिचं म्हणणं. ती बिस्किटाचा पुडाच घेऊन आली होती.

घंटा झाली की मास्तर बदलतात, हे पोरांना मॅडमनी मुद्दामच सांगितलं नव्हतं. मुरुमला तरी कोण सांगायला बसलंय?

बब्रुवान सर वर्गात शिरले. अकरा पोरं उठली, "एक साथ नमस्ते" झालं आणि सर पटकन फळ्याकडं वळले.

"एका पोत्यात पन्नास किलो सोयाबीन," सर फळ्याकडं बघत म्हणाले, "तर बारा पोत्यांत किती?"

शांतम्माच्या नातवानं, युवराजनं, हात वर केला. "सर, वल्लं का वाळल्यालं?"

"वल्लं कशाला घालशील येड्या? यापारी कट्टी लावून वजन कापंल की!" झालं, सर सुटले. ओल कशी बघायची, दाणा दाताखाली कसा वाजला पाहिजे, चाळणी लावायची की नाही, सगळं सांगितलं. पोरं कान देऊन ऐकत होती. बारा पोत्यांचं उत्तर शेवटपर्यंत निघालं नाही, पण तास झकास झाला.

मॅडमनी घंटा वाजवली. "सुटलो बाबा," म्हणत बब्रुवानानं घाम पुसला आणि तो बाहेर पडला.

त्याच्या मागोमाग सोनाली. दप्तर पाठीवर, चपला पायांत. पप्पा निघाले म्हणजे घरी जायचं, दुसरं काय?

"आगं ये," आतून युवराज ओरडला, "शाळा सुटली व्हय तुझी?"

असा काही हशा उसळला म्हणता! पोरं हसली, व्हरांड्यातले आईबाप हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं तुळजाबाई हसली. तिचं हसणं कौतुकाचं होतं, पण ते पाठमोऱ्या पोरीला कसं कळणार? सोनाली वळली. बिस्किटाचा पुडा घेऊन शांतम्मा वर्गात शिरत होती. तेवढ्यानं तिला सगळं समजलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. दप्तर तिथंच टाकून ती व्हरांड्यालगतच्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली.

"म्या मुरुमला जाणार न्हाय."

"आगं, हासलं तर काय अंगाला भोकं पडत्यात व्हय?" तुळजाबाई म्हणाली.

"हितं आपली माणसं हासली. तितं साठ पोरं हासतील. म्या न्हाय जाणार म्हंजे न्हाय जाणार."

शांतम्मानं बिस्किटं पुढं केली, अख्खा पुडा. सोनालीनं तोंड फिरवलं. मॅडमचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतं."

तेव्हा मॅडम बब्रुवानाकडं वळल्या. "तुम्हीच बोला आता. तुमची ती गोष्ट सांगा ना तिला. वडील आजारी पडले आणि शाळा सोडावी लागली, ती."

"सांगा की ओ," तुळजाबाई म्हणाली. "त्यांना शिकायचं हुतं तर शिकता आलं न्हाय, आन् हिला समदं असून नको झालंय!"

सगळा व्हरांडा बब्रुवानाकडं बघायला लागला. त्यानं खाकरून घसा साफ केला. "माझा बा..." एवढं बोलला आणि थांबला. पोरीनं मान वर केली होती. तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता. आठ दिवस पोट धरून निजणाऱ्या पोराचाच होता तो. आता ती आजाराची हकिकत सांगितली, तर हिलाही शाळा सोडायला एखादं चांगलं कारण सापडेल, एवढंच होईल. पोरगी हातची चालली होती.

"माझा बा ठणठणीत हुता," तो म्हणाला.

तुळजाबाईनं पदर तोंडाला लावला.

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. घंटा, मास्तर, सहा किलोमीटरची पायपीट, फाटकातली पोरं, "सुट्टी आली" सुद्धा. सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. एकदा अडखळला, पण काही गाळलं नाही.

"मग?" सोनालीनं विचारलं.

"मग काय. पोट दुकतंय म्हनून निजलो."

"दुकत हुतं?"

"न्हाय."

"आन् परत गेलाच न्हाय?"

"न्हाय गेलो."

सोनाली त्याच्याकडं बघतच राहिली. तिचा राग कुठल्या कुठं गेला होता, त्या जागी नुसतं नवल उरलं होतं.

"पप्पा, एवढ्यावरनं?" ती म्हणाली. "एवढ्यावरनं शाळा सोडली तुमी?"

पंचवीस वर्षं त्यानं ही गोष्ट दडपून ठेवली होती, केवढी मोठी वाटायची त्याला ती! आणि हा साधा प्रश्न त्याला कधी कुणी विचारलाच नव्हता. त्यानं स्वतःसुद्धा नाही.

"व्हय," तो म्हणाला. "एवढ्यावरनंच."

"अवं, आन् त्या आजारी सासऱ्याची दया येऊन म्या व्हय म्हनले हुते लग्नाला!" तुळजाबाई कडाडली. "घरी चला, बघते तुमाला!"

व्हरांड्यात पुन्हा हशा पिकला. या वेळी तो बब्रुवानावर होता, आणि त्याला स्वतःलाच हसू आवरेना.

सोनाली उठली. तिनं फ्रॉकची धूळ झटकली, दप्तर उचललं आणि सरळ वर्गात गेली. दारात युवराज उभा होता, काहीतरी बोलायच्या तयारीनं.

"व्हय, मला वाटलं सुटली," सोनाली म्हणाली. "मग?"

युवराज आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि सरकून तिला जागा करून दिली.