भुलाबाईची चाळीस पानं

शेखरनं कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबलं. कॉम्प्युटरचा गोठलेला पडदा गेला आणि काळ्यावर पांढरी अक्षरं आली. लॉगिन करून त्यानं पडदा नव्यानं सुरू करायची कमांड टाइप केली. फक्त एंटर बाकी होतं.

"बाबा, यानं उघडं असलेलं सगळं बंद होते. आईची गाणी सेव्ह केली ना?"

भगवंतराव खाटेवर बसले होते.

"नाई."

"काऊन?"

"तूच तं म्हनला, मशीन बंद करू नका, काई बिघडलं तं मी पुन्याहून पाहत जाईन. बंदच नाई करायची, तं सेव्ह कायले करू?"

शेखरच्या आईला, सरस्वतीबाईंना, येणारी भुलाबाईच्या सणाची कितीतरी गाणी देऊळघाटात आता दुसऱ्या कुणाला येत नव्हती. शेवटचे चार महिने त्या पडल्यापडल्या म्हणायच्या आणि भगवंतराव टाइप करायचे. फोनवर ती टकटक शेखरलाही ऐकू यायची. काल त्यांची तेरवी झाली, तरी तो रडला नव्हता. स्वतःचा राग यायला हवा होता, तोही धड येत नव्हता.

"टाक करून," भगवंतराव म्हणाले.

"सगळी गाणी जातीन."

"जाऊ दे."

शेखरनं एंटर दाबलं. पडदा विझला, पुन्हा उजळला. पुन्हा आत जाऊन त्यानं लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडला, तर समोर प्रश्न आला: अर्धवट राहिलेली फाइल सापडली आहे, परत आणायची का?

"वाचली, बाबा! हे दर दहा मिनिटांनी आपल्या मनानं ठेवत राह्यते."

भगवंतराव लगबगीनं उठले. "राहू दे आता. पहिले चहा घेऊ."

तोवर फाइल उघडली होती. चाळीस पानं. वर एका गाण्याची दीड ओळ, तीही चुकतमाकत लिहिलेली. त्याखाली कतकतकत, ननन, पपपप. पानांमागून पानं तेच.

शेखर वळला. भगवंतराव भिंतीकडे बघत होते.

"एका ओळीले मले अर्धा तास लागे. तिले तेवढा दम कुठं व्हता? बटनं थांबली का तिचं म्हननं बी थांबे. म्हने, लिहून होऊ द्या तुमचं. मंग म्या बटनं वाजवतच राह्यलो."

"एखादं तरी आठवते का तुम्हाले?"

"नाई रे," भगवंतराव म्हणाले. "मी नुसता तिच्याकडं पाहत राहो."