झोपलेला आणि मेलेला

मित्रांनो, लोकांनी मला वर्षानुवर्षं बॉम्ब समजलं, आणि खरं काय ते ओळखलं त्याच दिवशी एक माणूस मेला. मी हाड आहे. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या एका डायनासोर मादीच्या मागच्या उजव्या मांडीचं.

आमच्या मालकिणीचं अंग म्हणजे सगळा उफराटा कारभार. धड एवढं अगडबंब, आणि डोकं जेमतेम घोड्याच्या डोक्याएवढं. दात बारीक खुंट्यांसारखे, त्यामुळे चावण्याचं नाव नको. पाला ओरबाडायचा आणि गिळायचा, पुढचं काय ते पोट बघेल. पाय न हलवता ती अख्ख्या झाडाचा शेंडा बोडका करायची. एवढी मान उचलायची कशी? तर मानेची हाडं आतून पोकळ, हवेनं भरलेली. ती वर वारा खात मिरवायची आणि सगळा भार आम्हा मांडीच्या हाडांवर. म्हणून आम्ही भरीव. मला त्या मानेच्या हाडांचा राग यायचा, अजूनही येतो. का, ते पुढे सांगतो.

एकदा कळप नदीवर उतरला असताना मांसखाऊ आले. तिच्या शेपटीच्या एका फटक्यानं एकाचा जबडा निखळला, तरी तो लोंबत्या जबड्यानं पुन्हा अंगावर आलाच. दुसऱ्यानं मांडी धरली. त्याचे दात माझ्यापर्यंत पोचले, त्या खुणा अजून माझ्यावर आहेत. पाय लुळा पडला आणि ती कोसळली. कळप थांबला नाही. मागून तिला खात होते आणि पुढे तिची मान पुन्हा पुन्हा उठून कळपाकडे बघत होती. मान लांब असली की मरणही लांबतं, बाबांनो. मग चिखल आला, मांस गेलं, आणि माझ्यात दगड मुरला. मी होतो त्याहून जड झालो.

युगं गेली. वर लाओस नावाचा देश झाला, सावन्नाखेतची भातशेती झाली, आणि एका लढाईत आभाळातून लोखंड पडू लागलं. त्यातला एक बॉम्ब तिरका घुसला, माझ्या पोटाखाली येऊन अडकला आणि फुटलाच नाही.

लढाई संपली. गावकऱ्यांनी बॉम्बच्या रिकाम्या टरफलांत कांद्याची पात लावली, त्यांचेच खांब करून घरं उभारली. पण न फुटलेल्या बॉम्बचं नाव कोणी घेत नसे. नाव घेतलं तर जागा होतो म्हणे. त्याला म्हणायचं ‘झोपलेला’. गावातल्या बुआवन नावाच्या बाईचा नवरा आपल्या शेतात कुदळ मारता मारता असाच एक जागा करून बसला. त्याचा एक हात फणसाच्या झाडावर सापडला.

त्याच शेतात माझं टोक उघडं पडलं. तांबूस, गोल, लोखंडासारखं टणक. लोकांनी धोक्याची लाल खुंटी ठोकली आणि पाठ फिरवली. बुआवनचं ते एकुलतं एक शेत, त्यातलं निम्मं माझ्या भीतीनं पडीक राहिलं. तिचा धाकटा भाऊ खामसिंग उरलेल्या निम्म्यात राबून दोघांचं पोट भरायचा.

मग एका म्हशीनं शिंग घासून माझा टवका उडवला. खामसिंगनं लांबून, मग जवळून पाहिलं. आत हाडात असते तशी बारीक जाळी होती. लोखंडाला कुठली जाळी? तो हसत सुटला.

“ताई, इतकी वर्षं या हाडकाला घाबरलो! हा झोपलेला नाही गं, हा मेलेला आहे.”

“मेलेला असू दे,” बुआवन म्हणाली. “धागा बांधल्याशिवाय हलवायचा नाही.”

“तू डासालाही धागा बांधून मग मारशील.”

पण ऐकलं त्यानं. मोठं हाड म्हणजे नदीतल्या नागाचं, असं तिथले म्हातारे सांगत, आणि भटकलेल्या जिवाला परत बोलवायला पांढरा धागा बांधायचीच रीत, माणसाच्या मनगटाला तसा हाडालाही. धागा माझ्याखालून जावा म्हणून खामसिंगनं पहार घालून, सगळं अंग टाकून मला जरासं उचललं. बुआवननं हात आत सरकवला. मी सगळं जाणत होतो आणि मला तोंड नव्हतं.

तिचा हात थांबला.

“खामसिंग, खाली लोखंड आहे.”

त्याचं हसू मावळलं. त्यानं पहार सोडली तर मी थेट त्या लोखंडावर आदळणार होतो.

“हात काढ, हळू. घरून मुसळ घेऊन ये, टेकू लावू.”

“आणि तू?”

“मी काय, उभा आहे. जा. पळू नकोस, जमीन हादरेल.”

घर लांब होतं. मुसळ येईपर्यंत हात टिकणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. मलाही. ती पावलं मोजल्यासारखी चालत गेली. त्याचे दंड थरथरू लागले, घाम माझ्यावर ठिबकला. ती बांधापलीकडे उतरली तेव्हा तो माझ्याकडे बघून पुटपुटला, “थोडा हलका हो रे बाबा.”

मित्रांनो, त्या क्षणी मला मानेचं हाड व्हायचं होतं. पोकळ, हवेनं भरलेलं. तो एका हातानं मला तोलून उभा राहिला असता. पण मी मांडीचं. पहार निसटली.

माझे दोन तुकडे झाले. खामसिंगचे किती, ते सांगवत नाही.

आता मी संग्रहालयात आहे, चिकटवलेला. समोरच्या पाटीवर त्या जनावराची मान, शेपूट, खाणंपिणं सगळं लिहिलंय. खामसिंगचं नाव नाही. नव्या वर्षाला बुआवन येते, मला पांढरा धागा बांधते आणि माझ्या कानाशी, मला कान नाहीत तरी, भावाच्या जिवाला परत ये म्हणते. मेलेला म्हणून काही बेधडक उचलू नका, त्याच्याखाली कोण झोपलंय ते आधी चाचपा, एवढं तर मी सांगेनच. पण माझी खरी विनवणी निराळी आहे. पुसताना तो धागा कोणी तोडू नका. बांधायला भावाचं मनगट सापडलं नाही, म्हणून ती तो मला बांधते.