एक मेंढरू जास्त

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील इद्वल प्रॉसर, लढाईच्या काळात रॉकेटं बनवत होते, हे आमच्या पेनमोर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारण आई जन्मभर तेच सांगत आलीय. चॅपलमध्ये, खाटकाकडे, दातांच्या डॉक्टरपुढे तोंड उघडं असतानासुद्धा. आजोबांनी स्वतः मात्र कधी चकार शब्द काढला नाही. विचारलं की पाइप पेटवायचे आणि म्हणायचे, "सही केलीय मी. बोलायचं नाही." आता एवढं गुपित म्हणजे माणूस शास्त्रज्ञच असणार, नाही का? आम्ही सगळे तसंच धरून चाललो.

यंदा गावाने ठरवलं, की लढाईत कड्यावरच्या रॉकेटांच्या चाचणीतळावर राबलेल्या लोकांच्या नावांची पाटी हॉलवर लावायची. पडदा ओढायचा मान आईला. तिने नवी टोपीसुद्धा घेतली. तेवढ्यात समितीचा अध्यक्ष विंडम बेव्हन मध्ये कडमडला. हा माझ्याच वर्गातला. तेव्हाही बाईंना त्यांच्याच चुका दाखवायचा.

"मेरेरिड, पुरावा आण," तो म्हणाला.

"अख्खं गाव सांगतंय की!"

"गाव नाही, तुझी आई सांगतेय. गुरुवारपर्यंत कागद दाखव, नाहीतर इद्वलचं नाव नाही. आणि नाव नाही तर पडदाही दुसरं कोणीतरी ओढेल."

आई सत्त्याऐंशीची. तिला हे सांगायची माझी छाती झाली नाही. मी तडक लंडनची गाडी पकडली.

सरकारी दफ्तरखान्यात दारातच पेन काढून घेतात आणि हातात पेन्सिल देतात, पहिलीतल्या पोरासारखी. दोन दिवस फायली उपसल्या. नळकांडी, दारू, वाऱ्याचा वेग, सगळं होतं. आजोबा नव्हते. शास्त्रज्ञांत नाहीत, फिटरांत नाहीत, मेले चहावाल्यांतही नाहीत! बुधवारी दुपारी एक पातळ फाइल आली. वर लिहिलं होतं, 'मेंढरांमुळे होणारा खोळंबा'.

आत होतं: आय. प्रॉसर, मेंढपाळ. रॉकेट उडवण्याआधी कड्यावरची मेंढरं हाकलणे. सोबत कुत्रा एक, नाव मॉट.

मॉटला बिस्किटं मंजूर होती, तीही दोन साहेबांच्या सह्यांनी. बाकी सगळं एका कॅप्टनचं रडगाणं. प्रॉसर मेंढरं मोजल्याशिवाय हलत नाही. प्रॉसर पुन्हा मोजतो. मोजताना मध्ये बोललं तर प्रॉसर पहिल्यापासून सुरू करतो. मी हसले, आणि मग रडूच कोसळलं. कसला शास्त्रज्ञ नि कसलं काय! आता आईच्या त्या टोपीचं करू काय मी?

मग शेवटचं पान वाचलं.

जून १९४३. लंडनहून बडे साहेब आलेले, रॉकेट उडवायच्या लोखंडी घोडीवर चढवलेलं. प्रॉसरने लाल बावटा खाली घेतल्याशिवाय उडवायचं नाही असा नियम, आणि प्रॉसर काही बावटा खाली घेईना. कॅप्टनने रागाच्या भरात सगळं बोलणं लिहून ठेवलं होतं.

"तुझी मेंढरं किती?"

"बासष्ट."

"वाड्यात किती गेली?"

"बासष्ट."

"मग घोडं कुठे अडलंय?"

"मघाशी वर कड्यावर त्रेसष्ट मोजली. एक जास्तीचं आहे. शेजाऱ्याचं असणार. ते मेलं तर उद्या त्याला काय तोंड दाखवू?"

बडे साहेब तासभर उन्हात ताटकळले. आजोबा आणि मॉट मात्र झुडपं धुंडाळत होते. शेवटी काटेरी झुडपामागे मेंढरू सापडलं. पांढऱ्या लोकरीच्या स्वेटरमधलं. एलुनेड पॅरी, वय सहा, रॉकेट बघायला आली होती. तिला घरी पोचवलं, बावटा खाली आला, रॉकेट उडालं, हवेत गिरकी घेतली आणि परत फिरून त्याच झुडपात घुसलं. खाली कॅप्टनची नोंद: 'मुलीला गुप्ततेची शपथ दिली. चॉकलेट दिले.'

ही एलुनेड म्हणजे विंडमची आई.

गुरुवारी मी नक्कल घेऊन त्याच्या घरी गेले. एलुनेडमावशी शेगडीजवळ चहात केक बुडवत बसल्या होत्या. विंडमने पहिलं पान वाचलं आणि खिदळला. "मेंढपाळ! मी म्हणत नव्हतो?"

"पान उलट, शहाण्या."

त्याने उलटलं. वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणि त्याचा चष्मा नाकावरून घसरला. "आई, हे खरं?"

"तुला कोणी सांगितलं?" मावशी दचकल्या.

"सरकारी कागदावर आहे."

"कागदावर आहे ना? मग आता बोलले तर चालेल." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या साहेबाने शपथ घातली होती रे."

"अगं, ऐंशी वर्षं गप्प बसलीस?"

"एक्क्याऐंशी. चॉकलेट खाल्लं होतं ना मी."

मला राहवेना. "मावशी, आई इतकी वर्षं चॅपलमध्ये तुमच्या शेजारच्या बाकावर बसून शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ करतेय, तुम्ही हूं की चूं केलं नाही?"

"कशी करू, बाई? त्याला शास्त्रज्ञ म्हण नाहीतर देव म्हण, मला दोन्ही कमीच वाटायचं."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने टोपीची रिबीन सारखी केली आणि म्हणाली, "मोजल्याशिवाय हलला नाही ना?"

"नाही."

"मग बाबाच तो. जेवायला बसलो की आम्हालाही मोजायचा." आणि ती लहान मुलीसारखी रडली.

शनिवारी पडदा आई आणि एलुनेडमावशी, दोघींनी मिळून ओढला. शेवटचं नाव होतं, 'इद्वल प्रॉसर, मेंढपाळ'. आई तेवढ्यात खाटकाला सांगत सुटली होती, "बनवणारे ढिगाने होते हो, थांबवलं ते माझ्या बाबांनी!"

वर्तमानपत्राचा एक माणूस वही घेऊन विंडमपाशी आला. "रॉकेटच्या पाटीवर मेंढपाळ? याला काही पुरावा?"

विंडमने आधी आपल्या आईकडे पाहिलं, मग टाय सारखा केला.

"मी आहे ना," तो म्हणाला.